डिस्चार्ज बुकातला नंबर चुकलाय: माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी सगळी नोकरी पलटणीच्या ऑफिसात क्लार्क म्हणून झाली. पेन्शनवर आल्यापासून गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या फौजी घरांतले कागद माझ्याकडे येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक (फौजेतून घरी येताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक), घडीवर फाटलेला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचं पासबुक आणि सोबत एक प्रश्न: "दादा, नंबर जुळत नाही म्हणतात, आता काय करायचं?" खाली लिहिलेले प्रश्न तेच आहेत, लोकांनी विचारले तसे. उत्तरं मुख्यतः आर्मीच्या जवान आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आहेत. नेव्ही आणि एअर फोर्सबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

कुठला नंबर चुकलाय हे आधी कसं ओळखायचं?

एका फौजीच्या कागदांवर पाच-सहा नंबर असतात आणि घरातले लोक सगळ्यांनाच "पेन्शनचा नंबर" म्हणतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो. आर्मी नंबर भरतीच्या वेळी मिळतो. पीपीओ नंबर पेन्शन मंजूर होताना प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या फौजी पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयातून येतो. जुन्या पीपीओवर सुरुवातीला इंग्रजी एस, एफ किंवा डी असतं. एस म्हणजे सर्व्हिस पेन्शन, एफ म्हणजे फॅमिली पेन्शन, डी म्हणजे डिसेबिलिटी पेन्शन. पुढे अनुक्रमांक आणि वर्ष. पेन्शन "स्पर्श" या सरकारच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली की १२ आकडी नवा पीपीओ नंबर मिळतो. त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदावर दोन वेगळे पीपीओ नंबर दिसले तर घाबरू नका, ती चूक नाही. याशिवाय ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डाचा नंबर, आधार, पॅन आणि खाते क्रमांक आहेतच.

मी नेहमी एक काम आधी करायला लावतो. एक कोरा कागद घ्या, डाव्या बाजूला प्रत्येक कागदपत्राचं नाव लिहा आणि समोर त्यावरचा आर्मी नंबर एकेक आकडा सुटा करून उतरवा. आकड्याखाली आकडा आला पाहिजे. चूक कुठल्या ओळीत शिरली ते तिथेच दिसतं. पाच कागदांवर एक नंबर आणि सहाव्यावर वेगळा असेल, तर निम्मं काम झालं म्हणा.

आर्मी नंबराच्या शेवटी इंग्रजी अक्षर असतं. ते लिहिलं नाही तर चालतं का?

चालत नाही. ते अक्षर शोभेचं नाही, आधीच्या आकड्यांच्या हिशोबातून ते ठरतं. एखादा आकडा चुकला की अक्षर जुळत नाही, म्हणजे चूक पकडण्यासाठीच त्याची योजना आहे. अर्ज भरताना लोक ते हटकून सोडतात आणि मग संगणक "असा माणूस नाही" म्हणतो. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सैनिकांच्या पुस्तकांत नुसते आकडेच आढळतात. आजोबा-पणजोबांच्या पुस्तकात अक्षर दिसलं नाही, तर आपल्या मनाने जोडू नका.

वडिलांच्या कागदांवर दोन वेगवेगळे आर्मी नंबर आहेत. एक खोटा आहे का?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात. हवालदाराचा नायब सुभेदार झाला की त्याला जेसी या अक्षरांनी सुरू होणारा नवा नंबर मिळतो. जवान असतानाच्या कागदांवर, जुन्या पदकांवर, लग्नाच्या नोंदीवर आधीचा नंबर राहतो आणि पेन्शनच्या कागदांवर जेसी नंबर येतो. दुसरं कारण डीएससीचं. पलटणीतून पेन्शनवर येऊन डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये पुन्हा भरती झालेल्यांना तिथे वेगळा नंबर मिळतो, दुसरं डिस्चार्ज बुक मिळतं आणि त्यांचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, केरळात कन्नूरला असतं. अशा माणसाच्या वारसांनी दोन्ही पुस्तकं सांभाळायला हवीत.

अशा वेळी मागायची ती दुरुस्ती नव्हे. "हे दोन्ही नंबर एकाच व्यक्तीचे आहेत" असं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून मागा. दुरुस्ती मागितलीत तर खरा नंबरच खोडला जायचा.

मुळात ही चूक होतेच कशी?

शीट रोलवरून, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या मूळ नोंदीवरून, पेन्शनच्या कागदावर आकडे हाताने उतरवले जायचे, मग टाइप व्हायचे, कार्बनची तिसरी प्रत पुसट यायची. इंग्रजी तीनचा आठ, एकचा सात, पाचचा सहा होणं रोजचंच. पुढे हे जुने कागद संगणकात भरले गेले तेव्हा पुसट आकडे पुन्हा अंदाजाने वाचले गेले.

आपल्याकडे आणखी एक कारण आहे, ते बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, तलाठ्याचा दाखला, वारस नोंद यांवर नंबर मराठी आकड्यांत लिहिला जातो. मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठसारखा, मराठी पाच इंग्रजी चारसारखा. दाखला दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयात गेला की तिथला कारकून प्रामाणिकपणे चुकीचं वाचतो. म्हणून दाखला घेताना विनंती करा की आर्मी नंबर आणि पीपीओ नंबर इंग्रजी आकड्यांतच लिहा. ग्रामसेवक नाही म्हणत नाहीत.

खरा नंबर कुठला, हे शेवटी कोण ठरवतं?

रेकॉर्ड ऑफिस. बँक ठरवत नाही, सैनिक बोर्ड (म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय) ठरवत नाही, तहसीलदार ठरवत नाही आणि आपणही ठरवत नाही. रेकॉर्ड ऑफिसात प्रत्येक सैनिकाचा शीट रोल असतो. भरतीपासून घरी येईपर्यंतची सगळी सेवा त्यात नोंदलेली असते. त्याशिवाय लाँग रोल नावाचं मोठं रजिस्टर असतं, त्यात नंबर, नाव, वडिलांचं नाव, गाव, भरतीची आणि निघाल्याची तारीख अशी ओळीने नोंद असते. या दोन ठिकाणी जो नंबर आहे तो खरा. डिस्चार्ज बुक त्यावरून लिहिलं गेलं, पीपीओ त्यावरून निघाला, बँकेकडे पीपीओवरून गेला. चूक ज्या पायरीवर झाली तिथून दुरुस्त करत खाली यावं लागतं. बँकेत भांडून वरचा कागद दुरुस्त होत नाही. लोक दोन-दोन वर्षं चुकीच्या खिडकीसमोर उभे राहतात हे बघून मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हे उत्तर नीट वाचा.

डिस्चार्ज बुकात बरोबर आहे, पण पीपीओत चुकलाय. मग?

पेन्शन मंजूर करण्यासाठी रेकॉर्ड ऑफिस एलपीसी-कम-डेटा शीट नावाचा कागद पाठवतं आणि त्यावरून पीपीओ तयार होतो. आकडा या दोन टप्प्यांच्या मध्ये कुठेतरी घसरलेला असतो. अर्ज रेकॉर्ड ऑफिसलाच करायचा. ते सुधारित माहिती प्रयागराजला पाठवतात आणि तिथून करिजेंडम पीपीओ, म्हणजे शुद्धिपत्र निघतं. मूळ पीपीओ रद्द होत नाही. दोन्ही एकत्र जोडून ठेवायचे. यापुढे कुठेही मूळ पीपीओची झेरॉक्स द्याल तेव्हा करिजेंडमची प्रत सोबत हवीच.

आणि डिस्चार्ज बुकातच चुकला असेल तर?

तर मूळ पुस्तक कोणाच्याही हातात न देता आधी त्याच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स काढा, कोरी वाटणारी पानंसुद्धा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून प्रती साक्षांकित करून अर्जासोबत पाठवा. रेकॉर्ड ऑफिस शीट रोलशी ताडून पाहतं आणि दुरुस्तीचं पत्र देतं, किंवा दुरुस्ती करण्यासाठी मूळ पुस्तक मागवतं. मागवलं तरच पाठवा, तेही रजिस्टर्ड किंवा स्पीड पोस्टाने आणि पावती जपून.

मीच पेनने नीट करून घेतलं तर? एकच तर आकडा आहे.

कृपा करून करू नका. शाई वेगळी दिसते, आकड्याचं वळण वेगळं दिसतं आणि प्रामाणिक माणसाच्या पुस्तकावर खाडाखोडीचा संशय येतो. मग नुसता नंबर नाही, सगळं पुस्तकच तपासणीला जातं. शिक्का आणि अधिकाऱ्याची सही नसलेली दुरुस्ती म्हणजे दुरुस्ती नव्हेच. लॅमिनेशनही करू नका. पुढे त्यावर शिक्का मारता येत नाही आणि काढायला गेलं तर पान फाटतं.

ॲफिडेव्हिट केलं की काम होतं का?

नावाच्या स्पेलिंगसाठी ॲफिडेव्हिट उपयोगी पडतं. नंबरासाठी ते फार तर जोडीचा कागद आहे. "माझा नंबर अमुक आहे" असं तुम्ही शपथेवर सांगितलं म्हणून फौजेच्या रजिस्टरातला नंबर बदलत नाही. रेकॉर्ड ऑफिसने मागितलं तर करा. आधीच पैसे घालवू नका.

आमचं रेकॉर्ड ऑफिस कुठे आहे?

ज्या रेजिमेंटमध्ये किंवा कोअरमध्ये नोकरी झाली, तिचं. मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावला. महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला. आर्मर्ड कोअरचं अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या अहमदनगरला. सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या कोअरचं सिकंदराबादला, एएमसी म्हणजे वैद्यकीय कोअरचं लखनौला. वडिलांची पोस्टिंग काश्मीरला होती की आसामात, याचा इथे संबंध नाही. डिस्चार्ज बुकावर ज्या रेकॉर्डचा गोल शिक्का आहे ते तुमचं ऑफिस.

अर्ज थेट पाठवता येतो, पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर बरं. तिथला आवक-जावक क्रमांक पडतो आणि पुढे विचारायला धागा राहतो. निपाणी, खानापूर, बेळगाव भागातल्या आपल्या लोकांना मात्र कर्नाटकाच्या सैनिक कल्याण खात्याकडे जावं लागतं.

अर्जात काय लिहायचं?

थोडक्यात लिहा. घराण्याचा इतिहास नको, कितीही अभिमानाचा असला तरी. वरच्या विषयाच्या ओळीतच दोन्ही नंबर यावेत: कुठल्या कागदावर काय आहे आणि काय असायला हवं. मग नाव, हुद्दा, पलटण, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, वडिलांचं नाव, भरतीच्या वेळचं गाव, तालुका, जिल्हा. गाव भरतीच्या वेळचंच लिहा. आता पुण्यात राहत असाल तरी लाँग रोलमध्ये तुमचं वाडीचंच नाव आहे आणि तालुक्यांच्या हद्दीही नंतर बदलल्यात. शेवटी एक स्पष्ट मागणी आणि फोन नंबर. भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवा, कारण तुमचा कागद बेळगाववर थांबत नाही, पुढे प्रयागराजला जातो.

सोबत डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, माजी सैनिक ओळखपत्र यांच्या साक्षांकित प्रती जोडा. आपण कोऱ्या कागदावर जुळवणी केली ती नक्कलही जोडा. मीही ऑफिसात बसलोय, म्हणून सांगतो: चूक कुठे आहे हे पहिल्या मिनिटात दिसलं तर कागद त्याच दिवशी पुढे सरकतो.

वडील वारले. आईची फॅमिली पेन्शन नंबर जुळत नाही म्हणून अडली आहे.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो या प्रश्नाने. माणूस हयात असताना पेन्शन महिन्याच्या महिन्याला येत राहते, चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. तो गेला की कागद उघडले जातात.

आमच्या शेजारच्या गावातल्या एका मावशींचं असंच झालं. नवरा १९७१च्या लढाईतला. डिस्चार्ज बुकात नंबराच्या मधला एक आकडा इंग्रजी तीन, पीपीओत आठ. बँकेच्या शाखेने फॉर्म पाच वेळा परत केला. मावशी दर वेळी एसटीने जायच्या आणि संध्याकाळी तोच कागद घेऊन परत यायच्या. मी त्यांच्या घरी गेलो, ट्रंक उघडायला लावली. तळाशी फडक्यात बांधलेलं संग्राम मेडल होतं. त्यांनी ते वर्षानुवर्षं पुसून परत ठेवलं होतं, पण कडेवर काय आहे ते कधी पाहिलं नव्हतं. पदकाच्या कडेवर नंबर आणि नाव असतं. खिडकीपाशी तिरपं धरल्यावर एकेक आकडा दिसला. आठ होता. म्हणजे पीपीओ बरोबर, चूक डिस्चार्ज बुकात. पदक हा काही अंतिम पुरावा नाही, पण त्याच्या कडेचा जवळून काढलेला फोटो अर्जाला जोडला आणि "शीट रोलशी ताडून पाहावं" एवढंच मागितलं. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं, बँकेने फॉर्म घेतला, फॅमिली पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. तुमच्याकडे पदकं असतील तर आजच कडा बघा.

आईच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, पीपीओ, तिचं आधार आणि पॅन लागेल. तिचं नाव माहेरचं, सासरचं आणि घरातलं असं तीन तऱ्हांनी नोंदलेलं असतं, तेही याच वेळी बघून घ्या. नंबराची आणि नावाची दुरुस्ती एकाच फाईलमध्ये जाऊ द्या.

रेकॉर्ड ऑफिसने कळवलं की जुनी कागदपत्रं नष्ट केली आहेत. मग संपलं का सगळं?

संपलं नाही. पेन्शन नसलेल्या जवानांची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केली जातात. लाँग रोल मात्र कायम ठेवला जातो. म्हणून उत्तर आल्यावर गप्प न बसता लगेच दुसरा अर्ज करा: लाँग रोलमधल्या नोंदीचा प्रमाणित उतारा द्यावा. उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ आहे. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत, त्यानंतर पहिलं अपील. स्वतःची किंवा मयत नवऱ्याची नोंद मागताना ओळखीचा आणि नात्याचा पुरावा जोडा.

"स्पर्श"वर नंबर चुकीचा दिसतो. तिथेच बदलता येत नाही का?

मोबाइल नंबर, पत्ता अशा गोष्टी पेन्शनर स्वतः बदलू शकतो. आर्मी नंबर, जन्मतारीख, भरतीची तारीख यांना रेकॉर्ड ऑफिसची पडताळणी लागते. लॉगिन करून तक्रार किंवा सर्व्हिस रिक्वेस्ट नोंदवा, पुरावा स्कॅन करून जोडा आणि रिक्वेस्टचा नंबर वहीत लिहून ठेवा. पीसीडीएकडे असलेला मूळ पीपीओच चुकीचा असेल तर नुसत्या ऑनलाइन विनंतीने भागणार नाही, वर सांगितलेला कागदी मार्ग सोबत चालू ठेवा.

ज्यांना जमत नाही त्यांनी डीपीडीओ (फौजी पेन्शन वाटप कार्यालय), स्पर्श सेवा केंद्र किंवा जवळच्या सीएससीत (कॉमन सर्व्हिस सेंटर) जावं. ओटीपी कोणालाही फोनवर सांगू नका. डिस्चार्ज बुकाचे फोटो माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून "कोणी सांगेल का" असं विचारणंही थांबवा. त्या एका फोटोत फसवणाऱ्याला लागणारं सगळं असतं.

पॅन किंवा आधार चुकलं असेल तर?

ते सोपं आहे आणि तातडीचंही. पॅनचं एक अक्षर चुकलं की तुमच्या पेन्शनमधून कापलेला कर तुमच्या नावावर दिसत नाही. आधार चुकलं तर नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला अडतो. तो दाखला भरताना पीपीओ नंबर चुकला तरी तोच घोटाळा होतो, म्हणून बोटाचा ठसा देण्याआधी पडद्यावरचा नंबर मोठ्याने वाचून घ्या.

जन्मतारीखही जुळत नाही. आधारवर १ जून आहे.

आपल्याकडच्या निम्म्या गावाचा जन्म शाळेच्या रजिस्टरात १ जूनलाच झाला आहे. पेन्शनसाठी फौजेच्या नोंदीतली तारीख धरतात. सैनिकाच्या बाबतीत आधार फौजेच्या तारखेप्रमाणे करून घेणंच बहुधा सोपं पडतं.

नेव्ही आणि एअर फोर्सच्या लोकांनी कुठे जावं?

नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, ब्युरो ऑफ सेलर्समध्ये. वायुसैनिकांच्या दिल्लीला सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात. अर्जाची रीत तीच.

पत्रं पाठवून थकलो, दाद लागत नाही.

केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाका, नोंदणी क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं. रक्षा पेन्शन समाधान आयोजन, म्हणजे पूर्वीची पेन्शन अदालत, आपल्या भागात भरणार असेल तर फाईल घेऊन जा. सैनिक बोर्डात तारीख कळते. शेवटचा मार्ग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अंतिम आदेश हाती आल्यापासून सहा महिन्यांत तिथे जावं लागतं, म्हणून नकाराचं पत्र आलं की त्याच्या पाकिटावरची तारीखसुद्धा जपून ठेवा.

दुरुस्ती झाली. आता चुकीचे कागद फाडून टाकू का?

नको. मुलांची शिष्यवृत्ती, घरपट्टीची माफी, ईसीएचएस, कर्जाची फाईल, हे सगळं त्या जुन्या नंबरावर झालेलं असू शकतं. रेकॉर्ड ऑफिसच्या दुरुस्तीच्या पत्राच्या दहा झेरॉक्स काढा. एकेक प्रत बँकेत, सैनिक बोर्डात, ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. मूळ पत्र डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानात ठेवा आणि ते कुठे ठेवलंय हे घरातल्या बाईला दाखवून ठेवा.